वचन नसलेला रुपया

बाय, तू गेल्यापासून भेटायला येणारा प्रत्येक जण मला एकच सांगतो. अशी बहीण भाग्याने मिळते, आणि असा भाऊसुद्धा. तीस वर्षं भावाच्या घरात राहिली, पण कधी कुणाला उणा शब्द बोलली नाही, कधी काही मागितलं नाही. मी ओटीवर बसून मान हलवतो. तुझी भावजय आतून चहा आणते. माणसं चहा पितात, यंदा बांगडा किती कमी लागलाय ते बोलतात आणि उठून जातात. आज दुपारपासून कुणी आलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

तुला वाचता येत नव्हतं. वर्तमानपत्र काय, पुस्तक काय, कुणाचं पत्र काय, सगळं मीच तुला वाचून दाखवायचो, आणि काय वाचायचं नि काय गाळायचं ते मीच ठरवायचो. ह्या कागदावर मात्र काही गाळायचं नाही असं मनाशी घेतलंय. जमतं का बघू. चोवीस वर्षं जमलं नाही.

लोक म्हणतात तू काही मागितलं नाहीस. तू मागितलं होतंस. एकदाच मागितलं होतंस, आणि तेही तुझ्या स्वतःच्या पैशाने.

भावोजी बोटीवर सुकाणी होते. आठ-आठ महिने समुद्रावर, मग महिनाभर घरी. आले की पगाराचे रुपये तुझ्या ओच्यात ओतायचे. हे तू मला कितीदा सांगितलंस, आणि सांगताना प्रत्येक वेळी तुझा हात ओच्याकडे जायचा. ते एडनला तापाने गेले. कंपनीकडून एक पत्र आलं आणि मागाहून त्यांची पत्र्याची पेटी आली. त्यानंतर तू आमच्याकडे आलीस ती ही पेटी आणि एक तांब्याची कळशी घेऊन. कळशीच्या तोंडाला फडकं बांधलेलं होतं. आत रुपये होते, राणीछाप आणि तिच्या मागच्या राजांचे, साडेतीनशेच्या वर. तुझ्या भावजयीने विचारलं, "वन्सं, एवढी जड कळशी कोणी घेवन दिल्यान?" तू म्हणालीस, "कोणी नाय. माजी मीच हाडलंय."

देवबागच्या वाटेवर, खाडीच्या अंगाला, एक लहानशी बाग होती. अकरा माड, एक विहीर आणि विहिरीच्या कडेला कौलारू मांगर, एका माणसाचं बिऱ्हाड होईल एवढा. मालक म्हातारे होते, सगळा गाव त्यांना आबा म्हणायचा. मुलगे मुंबईला, बागेकडे बघणारं कुणी नाही, म्हणून ते ती विकणार होते. तू दोनदा चालत जाऊन बघून आलीस. मी विचारलं, "बाय, तुका हंय काय कमी आसा? बाग कित्याक व्हयी?"

तू तांदूळ निवडत होतीस. वर न बघता म्हणालीस, "माका माज्या दारात बसूचा आसा."



आबांची एकच अट होती. लढाईचे दिवस होते, जिकडेतिकडे नोटाच नोटा झाल्या होत्या, आणि म्हाताऱ्याचा कागदावर विश्वास नव्हता. "चांदी दिलंस तर बाग तुजी," ते तुला म्हणाले. "कागद माका नको." आणि तुझ्याजवळ चांदीच होती. देणाऱ्याला जे हवं तेच घेणाऱ्याकडे आहे, असं मी माझ्या आयुष्यात फार थोड्या वेळा पाहिलं.

आता बाबांची गोष्ट सांगायला हवी, कारण आपला सगळा वाद त्या एका गोष्टीवरून होता.

पहिल्या लढाईच्या शेवटी बाबा मुंबईला कापसाच्या पेढीवर होते. तेव्हा सरकारच्या नोटेवर छापलेलं वचन खरोखरचं वचन होतं. नोट घेऊन कचेरीच्या खिडकीशी जायचं आणि खिडकीतल्या माणसाने तेवढे चांदीचे रुपये काढून हातावर ठेवायचे. लढाईत चांदी आटली. सरकारच्या तिजोरीत चांदीच उरली नाही अशी हूल मुंबईत उठली आणि जो तो नोटा घेऊन खिडकीकडे धावला. बाबाही गेले. सकाळी उभे राहिले ते उन्हं कलेपर्यंत. कुणाचं पागोटं पडलं, कुणाच्या वहाणा गेल्या, शिपायांनी काठ्या उगारल्या. शेवटी बाबांची पाळी आली आणि नोटांचे रुपये त्यांच्या उपरण्यात पडले. गावी आल्यावर त्यांनी ते आईपुढे ठेवले आणि सगळी हकिगत सांगितली. आपण दोघं चुलीशी बसून ऐकत होतो. बाबा शेवटी म्हणाले, "दिल्यानी पण. शेवटाक दिल्यानी."

मी त्यातलं "दिल्यानी" तेवढं धरून ठेवलं. सरकारने कागदावर लिहिलं आणि कागदाबद्दल चांदी दिली, म्हणजे कागद आणि चांदी एकच. मी खजिन्यात नोकरीला लागलो त्यामागेही थोडंफार हेच असेल. तू मात्र बाबांचं दिवसभर उन्हात उभं राहणं धरून ठेवलंस. "बाबा उभे रवले ते चांदीसाठी, रे बाबू," तू म्हणायचीस. "कागद चांगलो असतो तर कागद घेवन घराक इले असते."

ह्याला मी अनेक उत्तरं दिली. एकही तुला पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही.

दुसऱ्या लढाईत सरकारने जाहीर केलं की जुने चांदीचे रुपये ठरल्या तारखेनंतर चालणार नाहीत. लोकांनी ते खजिन्यात भरावेत आणि नोटा घ्याव्यात. मी मामलेदार कचेरीत, खजिन्याच्याच कामावर. आमच्या साहेबांनी सगळ्या कारकुनांना बोलावलं आणि सांगितलं, लोक पुरलेले रुपये काढत नाहीत, तेव्हा सुरुवात आपापल्या घरापासून करा, म्हणजे गाव मागून येईल. अव्वल कारकुनाची जागा लवकरच रिकामी व्हायची होती. ते साहेब बोलले नाहीत, पण आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

मी तीन दिवस तुझ्या मागे होतो. पहिल्या दिवशी सांगितलं, तारीख उलटली की हे रुपये म्हणजे नुसते धातूचे तुकडे. तू म्हणालीस, "तुकडे तर तुकडे." दुसऱ्या दिवशी बाबांची गोष्ट काढली. तू हसलीस. तिसऱ्या दिवशी मी पोलिसांचं नाव काढलं. लढाईच्या कायद्याने घरात नाणी साठवून ठेवणं गुन्हा आहे, म्हटलं. कायदा होता, त्यात खोटं नव्हतं. पण एका विधवा बाईच्या कळशीसाठी मालवणात कुणी पोलीस येणार नव्हता, हे मला पक्कं माहीत होतं.

"तुजी नोकरी जातली?" तू विचारलंस.

"जाऊ शकते," मी म्हणालो. तुझ्याशी बोलताना मी कचेरीतली भाषा वापरली की तू समजायचीस, की आता हा भाऊ म्हणून बोलत नाही. मी ती मुद्दाम वापरली.

तू पदर सारखा केलास. मग विचारलंस, "आणि आबा?"

"आबांका मी समजावतंय. नोटा घेवक लावतंय."

तू उठलीस आणि कळशी काढलीस.

कचेरीत तू स्वतः आलीस, डोक्यावरून पदर घेऊन. कचेरीचा शिपाई एकेक रुपया फरशीवर वाजवून बघत होता, खोटा तर नाही ना म्हणून. तू भिंतीशी उभी राहून प्रत्येक आवाज ऐकत होतीस. त्याला बराच वेळ लागला. एकही रुपया बद्द वाजला नाही. मग मी तुझ्या हातात दहा-दहाच्या नोटा ठेवल्या. तू त्या दोन बोटांत धरल्यास आणि म्हणालीस, "काय लिवला आसा ते वाच." मी वाचलं, मागणी करताच एवढे रुपये देण्याचं वचन देतो.

"कोण देतलो?"

"सरकार."

"काय देतलो?"

"रुपये, बाय."

"खंयचे?"

मागे माणसं खोळंबली होती. मी म्हणालो, "घराक सांगतंय."

घरी मी काही सांगितलं नाही.

आबांनी नोटा घेतल्या नाहीत. तू त्यांच्या अंगणात उभी होतीस, मी तुझ्या मागे. त्यांनी नोटांना हातसुद्धा लावला नाही. त्याच महिन्यात बाग दुसऱ्या कुणाला तरी गेली. पुढे लढाई संपली तेव्हा तेवढ्या पैशांत त्या बागेतले चार माडसुद्धा आले नसते. मी अव्वल कारकून झालो. ज्या दिवशी हुकूम आला त्या दिवशी तू खापरोळ्या केल्यास. मला पहिल्यांदा वाढल्यास, आणि नारळाचा रस जास्त घातलास.

त्यानंतर तू मागच्या पडवीत राहिलीस. तुझं दार म्हणजे आमचं मागचं दार. तिथून विहीर दिसते, गोठा दिसतो, आणि शेजारच्यांची भिंत. तू संध्याकाळी कधी पुढच्या ओटीवर येऊन बसली नाहीस. तुझी भावजय किती वेळा म्हणाली, "वन्सं, पुढे येवन बसा, वारो लागतलो." तू म्हणायचीस, "माका हंय बरां वाटता."

तुझ्या नोटांचं काय झालं ते तुला माहीत आहे. त्यातल्या थोड्या माझ्या मुलीच्या, सुमाच्या आजारपणात गेल्या, आणि ती मॅट्रिक झाल्यावर उरलेल्या सगळ्या तू तिच्या शिक्षिकेच्या ट्रेनिंगसाठी काढून दिल्यास. मी नको म्हणालो होतो. तू म्हणालीस, "चेडवाक स्वताच्या पायार उभ्या रवांदे." ती आज कणकवलीला शाळेत शिकवते. तुझ्या दिवसांना आली होती. सगळे विधी होईपर्यंत एका कोपऱ्यात बसून होती. जाताना मला म्हणाली, "आत्याचं घर तेवढं व्हायला हवं होतं." तिला फक्त एवढंच माहीत आहे, की आत्याला एकदा एक बाग घ्यायची होती आणि ते राहून गेलं.

मी पुस्तकं का वाचायला लागलो हे तू कधी विचारलं नाहीस. बदलून गेलेल्या एका साहेबांच्या सामानात कागदी चलनावरचं एक जुनं इंग्रजी पुस्तक राहून गेलं होतं. ते मी घरी आणलं. मग मुंबईहून आणखी दोन मागवली. माझ्या हातून जे झालं, तसं पूर्वी कुठे कुणाच्या हातून झालंय का, हे मला बघायचं होतं. झालं असेल तर आपण एकटे नाही, असं वाटलं असतं. रविवारी दुपारी तू पडवीत कोकमाची सोलं वाळत घालायचीस आणि मी पायरीवर बसून वाचलेलं तुला सांगायचो.

चीनमध्ये एका मुलखात लोखंडाची नाणी होती. इतकी जड की बाजाराला जायचं तर बैल लागे. तेव्हा लोक ती पेढीवर ठेवत आणि पावती घेत, आणि मग ती पावतीच हातोहात फिरायला लागली. तीच पहिली नोट. तू म्हणालीस, ह्यात काही वाईट नाही, ठेवणाऱ्याला आपलं लोखंड कुठे आहे ते ठाऊक होतं. मग मी सांगितलं की पुढे राजाने पेढ्या आपल्याकडे घेतल्या आणि जवळ असलेल्या लोखंडापेक्षा जास्त पावत्या छापल्या. आणखी पुढे दुसरे बादशहा आले. त्यांच्या राज्यात परदेशचे व्यापारी आले की त्यांच्याजवळची चांदी ठेवून घेत आणि त्यांना कागद देत. नको म्हणायची सोय नव्हती.

तू सोलं पसरता पसरता म्हणालीस, "म्हणजे तुज्यासारको कोण तरी थंय पण होतो."

आपण दोघंही हसलो. तू ते सहज म्हणालीस की जाणूनबुजून, हे मला अजून कळलेलं नाही.

आपल्याकडच्या पहिल्या नोटांची गोष्ट तुला आवडायची. त्या एकाच बाजूला छापलेल्या असत. मुंबईच्या नोटेची चांदी मुंबईलाच मागायची, मद्रासला तो हक्क नाही. व्यापारी टपालाने पैसे पाठवताना नोट मधोमध कापत, अर्धी आज टाकत, ती पोचल्याचं पत्र आलं की उरलेली अर्धी. हे तू मला परत परत सांगायला लावलंस. "कोणाचोच कोणार इस्वास नव्हतो तर," तू म्हणायचीस. मी म्हणायचो, तसं नाही बाय, विश्वास होता म्हणूनच तर कागद चालला. तू म्हणायचीस, "मगे कापी कित्याक?"

दहा वर्षं झाली असतील, तुझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि आपण बोटीने मुंबईला गेलो. विजयदुर्गला बोट थांबली तेव्हा तू मला किल्ल्याचं वर्णन करायला लावलंस, कारण तुला फक्त एक काळा डाग दिसत होता. ऑपरेशन बरं झालं. जाड भिंगांचा चष्मा लागला. परतीच्या आदल्या दिवशी मी विचारलं, मुंबईत काय बघायचंय? मला वाटलं महालक्ष्मी म्हणशील. तू म्हणालीस, "बाबा जंय उभे रवले ती खिडकी."

ती खिडकी कुठे होती हे मला तरी कुठे ठाऊक? मी तुला फोर्टातल्या एका मोठ्या कचेरीत नेलं, जिथे नोटा बदलून देत. तू पदराची गाठ सोडून दहाची नोट काढलीस. ही नोट तू माझ्याकडून मागून घेतली होतीस, तुझ्या स्वतःच्या तेव्हा संपल्या होत्या. खिडकीत एक तरुण मुलगा होता. तू नोट पुढे केलीस आणि म्हणालीस, "ह्याचेर जां लिवला आसा तां माका दी."

मुलाने माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. मग त्याने तुला विचारलं, "आजी, खंयच्या तुमी?" तो देवगडकडचा निघाला. त्याने नोट घेतली आणि एकेकच्या दहा कोऱ्या नोटा तुझ्यापुढे ठेवल्या. तू एक उचललीस, चष्म्याजवळ नेलीस, आणि मला म्हणालीस, "हेचेर काय लिवला आसा?"

बाय, एक रुपयाच्या नोटेवर वचन नसतं. दहाच्या नोटेवर असतं, शंभराच्या नोटेवर असतं, एकाच्या नसतं. कायद्याने ती नोट म्हणजेच रुपया. ती कशाच्या बदली दिलेली नाही, म्हणून तिच्यावर कुणी कुणाला काही द्यायचं कबूल केलेलं नाही. मी खजिन्यात इतकी वर्षं काढली, मला हे रोजचं होतं. तिथे उभं राहून मी ते तुला सांगितलं.

तू सगळं ऐकून घेतलंस. म्हणालीस, "म्हणजे दहाच्या नोटेर सांगतत, रुपये देतंव. आणि रुपयो मागलो तर ह्यां देतत. आणि ह्याचेर कोण कायच बोलूक नाय."

"चांदी आता खंयची, आजी," तो मुलगा हळूच म्हणाला. "आमीसुद्धा बघूक नाय." त्याने नोटा नीट जुळवून तुझ्या हातात दिल्या, आणि एक पाण्याचा पेलाही मागवला. चांगला मुलगा होता. तू त्याला आशीर्वाद दिलास. बाहेर पायऱ्यांवर आल्यावर तू त्या दहाही नोटा मला परत केल्यास. बोटीवर तू दुसऱ्याच गोष्टी बोलत होतीस, सुमाच्या लग्नाच्या, सोलांच्या. 

त्यानंतर वर्षा-दोन वर्षांतली गोष्ट. वर्तमानपत्रात एक लहान बातमी होती. लढाईत हिंदुस्थानने अमेरिकेकडून उसनी घेतलेली चांदी परत केली, जुनी नाणी वितळवून, शुद्ध करून, बोटीत भरून. मी ती तीनदा वाचली. तुझे रुपये त्यात असतील का? खजिन्यात भरलेले जुने रुपये सरकारने आधीच वितळवले होते आणि त्यांत दुसरे धातू मिसळून हलके रुपये पाडले होते. आता ते हलके रुपयेही वितळले आणि त्यांतली चांदी वेगळी काढली. भावोजींचा पगार असा दोनदा भट्टीतून गेला आणि समुद्रापार पोचला. त्या दिवशी मी तुला ती बातमी वाचली नाही. तू म्हणालीस, "आज पेपर बेगीन संपलो." मी म्हणालो, हो, आज काही विशेष नाही.

हे तुझ्यापासून लपवलेलं पहिलं. तू गेल्यावर तरी सांगितलं.

दोन-अडीच वर्षांपूर्वी दुसरी एक बातमी आली, ती मात्र मी वाचली. अमेरिकेत अशा नोटा आहेत की ज्यांच्याबद्दल चांदीचे डॉलर मिळतात, आणि लोक त्या घेऊन सरकारच्या दारात रांगा लावून उभे राहिले. तू पोळपाटाशी होतीस. हात थांबवून विचारलंस, "थंय अजून देतत?"

"देत होते. इतकी गर्दी झाली की आता बंद केल्यानी."

"सगळ्यांका गावले?"

"नाय. पुढच्यांका गावले."

तू पुन्हा लाटायला लागलीस. मला वाटतं तेव्हा तू बाबांचा विचार करत होतीस, पण तसं म्हणाली नाहीस. आणि मी, त्या डॉलरांतली थोडी चांदी आपल्या पडवीतली असेल का, असला वेडगळ विचार करत पायरीवर बसून राहिलो.

यंदा मिरगाच्या तोंडावर सरकारने रुपयाची किंमत उतरवली. गावात चार दिवस तीच चर्चा. तू तेव्हापासूनच खचत चालली होतीस. पेज पोटात ठरत नव्हती. पावसाळा काढलास, चतुर्थीला मोदकाच्या पाऱ्या बसल्या बसल्या वळल्यास, दिवाळीनंतर अंथरूण धरलंस. डॉक्टर म्हणाले, मुंबईला न्या. तू म्हणालीस, "मुंबयत माजा काय काम नाय."

मार्गशीर्षात, तू जायच्या दोन दिवस आधी, दुपारची वेळ होती. तुझी भावजय विहिरीवर होती. मी तुझ्या पायांशी बसून वर्तमानपत्र वाचत होतो, मोठ्याने, तू ऐकतेस की नाही हे न बघता. तू मधेच म्हणालीस, "बाबू, ठेव ता."

मी ठेवलं.

"एक इचारतंय. खरां सांग. आबा कागद घेवचो नाय, ह्यां तुका तेव्हाच म्हायत होता?"

तुझा आवाज साधा होता, जेवलास का असं विचारावं तसा. तुझे डोळे माझ्यावर होते. चष्मा काढून ठेवलेला होता, त्यामुळे मी तुला कितपत दिसत होतो कुणास ठाऊक. चोवीस वर्षं मी ह्या प्रश्नाची वाट बघत होतो. पुस्तकं वाचली, चीनचे राजे आणले, कापलेल्या नोटा आणल्या, ते सगळं ह्या प्रश्नाला लांब ठेवायला. आणि उत्तरही मी किती वर्षांपूर्वी ठरवून ठेवलं होतं. विचारलं तर खरं सांगायचं, पाय धरायचे.

मी म्हणालो, "नाय गो. माका काय म्हायत?"

तू बराच वेळ बघत राहिलीस. मग म्हणालीस, "मगे बरा झाला." आणि कूस वळवून भिंतीकडे तोंड केलंस. संध्याकाळी दोन घोट पेज घेतलीस, सुमाची चौकशी केलीस. त्या विषयावर तुझ्या तोंडून पुढे शब्द आला नाही, आणि मीही काढला नाही. माझ्याजवळ पुरे दोन दिवस होते.

तुला ते खरं वाटलं का? वाटलं असेल, तर तू एका खोट्यावर डोळे मिटलेस. वाटलं नसेल, तर मला मोकळं करायला तू "बरा झाला" म्हणालीस, आणि ते तर मला त्याहून सहन होत नाही. दिवसभर लोकांपुढे मान हलवताना मी हेच दोन्हीकडून उलटसुलट करत असतो. कुठूनही मला बाहेर पडायला वाट नाही. कुणाला सांगू? तुझ्या भावजयीला सांगितलं तर ती म्हणेल, गेलेल्या माणसाचं आता कशाला. सुमाला सांगायची माझी छाती नाही.

म्हणून हे इथे. तू कळशी काढलीस त्याच्या आदल्या संध्याकाळी मी कचेरीतून घरी न येता देवबागच्या वाटेने गेलो होतो. आबा विहिरीवर हातपाय धूत होते. मी विचारलं, बहिणीने नोटा दिल्या तर चालतील का? ते म्हणाले, "नाय रे बाबा. तिका तसां सांग. चांदी आसा तर येवंदे, नायतर माका दुसरो बघूचो आसा." मी बरं म्हटलं. निघताना सहज म्हणून मी त्या मांगराच्या दारात क्षणभर टेकलो. समोर खाडी भरलेली होती, आणि वारा येत होता.

मग घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी तुला सांगितलं, आबांका मी समजावतंय.

बाय, माका म्हायत होता.